पंख्याचा धैवत

घोरणाऱ्या मनुष्याला आपलें घोरणें ऐकूं येत नाहीं, ही निसर्गाची त्याच्यावर केवढी कृपा आहे! साऱ्या घराची झोंप मोडून तो सकाळीं प्रसन्न मुद्रेनें उठतो आणि इतरांच्या तांबारलेल्या डोळ्यांचें कारण त्यांनाच विचारतो. मला घोरण्याची संवय नाहीं, असें मी आजवर मोठ्या अभिमानानें सांगत आलों आहें. माझ्या पत्नीनें या विधानाला अद्याप दुजोरा दिलेला नाहीं, ही गोष्ट निराळी. परंतु जागेपणींहि मनुष्य घोरूं शकतो, आणि तेंहि महिनेच्या महिने, याचा शोध मला २०२४ च्या पावसाळ्यांत लागला. फरक इतकाच कीं, माझ्या वतीनें घोरण्याचें काम एका यंत्रानें पत्करलें होतें.

हें यंत्र म्हणजे आमच्या घरांतला संगणक. मुलीच्या वास्तुकलेच्या अभ्यासासाठीं तो २०१७ सालीं घेतला. तिचें शिक्षण झालें, नोकरीच्या निमित्तानें ती बंगळूरला गेली, आणि संगणक मात्र डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत मागें राहिला. मुलें मोठीं झालीं म्हणजे त्यांचे पतंग आणि भोंवरे माळ्यावर जातात. पण इतक्या किंमतीची वस्तु माळ्यावर कशी टाकावी, या काटकसरीच्या विचारानें मीं तिचा वारसा स्वीकारला. प्रथम घरखर्चाचा हिशेब, मग पत्रव्यवहार, आणि मग—पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाला हें कबूल करतांना थोडा संकोच वाटतो—खेळ.

खेळ म्हणजे तरुण मुलें खेळतात तसले बंदुकांचे नव्हेत. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २०२० सालीं विमान चालविण्याचा एक खेळ काढला. उपग्रहांनीं आणि विमानांनीं टिपलेल्या चित्रांवरून साऱ्या पृथ्वीचा पृष्ठभाग त्यांत उभा केलेला आहे. न्यूयॉर्क-पॅरिस पाहण्यासाठीं लोक तो घेत असतील; मीं तो घेतला जयगडच्या खाडीवरून शास्त्री नदीच्या कडेकडेनें आंत शिरावें आणि जेथें आमचें घर होतें तेथवर पोंचावें म्हणून. तें घर आतां पडलें आहे, जमिनीच्या वांटण्या झाल्या आहेत. परंतु दोन हजार फुटांवरून भाऊबंदकी दिसत नाहीं. रोज रात्रीं जेवणें झालीं कीं मी कानांवर जाड गादीचे हेडफोन चढवीं आणि तासभर कोंकणांत हिंडून येईं.

या खेळांतले डोंगर, झाडें, ढग, पाणी हें सारें क्षणाक्षणाला नव्यानें रंगवावें लागतें. तें काम संगणकाच्या मुख्य मेंदूचें नव्हे; त्यासाठीं ग्राफिक्स कार्ड नांवाचा एक स्वतंत्र चितारी कॅबिनेटांत बसविलेला असतो. आमचा चितारी भरांत आला म्हणजे सुमारें १८० वॅट वीज खाई. त्याची तऱ्हा अशी कीं, खाल्लेलें जवळजवळ सारें तो उष्णतेच्या रूपानें परत टाकी. ती उष्णता बाहेर फेंकण्यासाठीं त्याच्या अंगावर दोन पंखे होते. कॅबिनेटाच्या कांचेतून मीं ते कित्येक रात्रीं फिरतांना पाहिले. ऐकले मात्र कधीं नाहींत. माझ्या कानांत विमानाचें इंजिन होतें.

आमच्या घरांत आणखी एक बोलकी वस्तु आहे. ती म्हणजे मिरजेचा तंबोरा. पत्नीनें लग्नापूर्वीं आठ वर्षें गाण्याची तालीम घेतली. मैफली कधीं केल्या नाहींत. पण रात्रीं ओटा आवरून झाला कीं तंबोरा घेऊन तासभर बसण्याचा नेम तिनें मुलीच्या दुखण्याखुपण्यांतहि फारसा मोडला नव्हता. हा नेम केव्हां मोडला, तें मला सांगतां येणार नाहीं. आणि यांतच माझ्याविरुद्धचा सारा पुरावा आहे. केव्हां तरी मीं विचारलें असेल, "हल्लीं बसत नाहींस?" आणि "होत नाहीं आतां," असें ती म्हणाली असेल. पन्नाशीच्या पुढें पुष्कळ गोष्टी होईनाशा होतात. गुडघे, दांत, डोळे यांच्या यादींत मीं तिचें गाणेंहि बसवून दिलें आणि जयगडच्या दिशेनें उड्डाण केलें.

श्रावणांतल्या एका रात्रीं मुलीचा फोन आला. खेळ तसाच चालूं ठेवून मीं हेडफोन काढले आणि फोन कानाला लावला. दोन वाक्यें झालीं नाहींत तोंच ती म्हणाली, "बाबा, आई इतक्या रात्रीं मिक्सर कां लावून बसली आहे?"

मीं स्वयंपाकघराकडे पाहिलें. दार लावलेलें होतें. मिक्सर माझ्या पायाशींच चालूं होता! चटणी वाटतांना भांड्यांतलें पाणी आटावें तसा तो आवाज मधेंच चढे, मधेंच उतरे आणि पुन्हा चढे. हा आवाज माझ्या घरांत रोज तासभर होतो, हें मला बंगळूरहून कळावें! फोन आटोपून मीं दार ढकललें. पत्नी ओट्याजवळच्या स्टुलावर पुस्तक वाचीत बसली होती.

"या आवाजाचा तुला त्रास होत होता का?"

तिनें पानांत बोट घालून पुस्तक मिटलें. "आवाजाचा नव्हे हो. आवाज तर लोकलचाहि येतो. पण तुमच्या त्या यंत्राला धैवतावर धड उभें राहतां येत नाहीं, आणि कोमल निषादापर्यंत चढण्याची त्याची छाती नाहीं. मधेंच कुठें तरी रेंगाळत बसतें. तें कानांत असतांना षड्ज लावायचा म्हणजे..." तिनें वाक्य पुरें केलें नाहीं.

"मग बोलली कां नाहींस?"

"तुम्ही रोज गांवीं जाऊन येतां. आल्यावर बरे दिसतां." एवढें म्हणून तिनें पुस्तक उघडलें.

बायकोनें दोष दिला असतां तर बचाव करतां आला असता. या उत्तरावर बचाव नव्हता. मनुष्य अशा वेळीं भावनेपासून पळ काढून गणिताच्या आश्रयाला जातो, तसा मीं गेलों. संगणक सांगत होता कीं, पंखे मिनिटाला २४०० फेरे करतात. म्हणजे सेकंदाला ४०. यंत्र बंद करून मीं पंख्याचीं पातीं मोजलीं. तीं नऊ भरलीं. चाळीस नव्वे तीनशें साठ: सेकंदाला ३६० वेळां पातें हवेला थोबाडीत मारीत होतें, आणि त्या आंदोलनाचा स्वर घरभर पसरत होता. पत्नीचा षड्ज काळी चारचा. त्या षड्जाचा धैवत पेटीवर पांढरी चारला येतो, त्याचीं आंदोलनें सुमारें ३४९; आणि कोमल निषाद काळी तीनला, सुमारें ३७०. माझा पंखा बरोबर दोहोंच्या मधोमध उभा होता! ज्या कानानें भिंतीपलीकडून, कांहीं न मोजतां, हा हिशेब केला होता, त्या कानाशेजारीं मी इतकीं वर्षें राहत होतों.

दुसऱ्याच दिवशीं मीं पुतण्याला बोलावणें धाडलें. संगणकाच्या बाबतींत त्याचा शब्द आमच्या घरांत वेदवाक्य मानला जातो. त्यानें कॅबिनेट उघडलें, ब्रशानें धूळ झाडली, पंखा बोटानें फिरवून पाहिला आणि निकाल दिला, "काका, कार्ड बदला. आणि बदलायचेंच तर मोठें घ्या." मोठें म्हणजे त्या वेळच्या आर-टी-एक्स ४०७० सारखें २०० वॅटचें. जुना चितारी १८० वॅट खाऊन घर डोक्यावर घेत होता, म्हणून २०० वॅट खाणारा आणावा, हें तर्कशास्त्र मला पचेना. त्यानें दुसराहि मार्ग सुचविला: जुन्या बाजारांतून स्वस्तांत घ्यावें. कूटचलनाची नाणीं पाडण्यासाठीं लोकांनीं हीं कार्डें रात्रंदिवस राबविलीं, आणि २०२२ च्या सप्टेंबरांत इथेरियमची ती रीत बंद झाली तेव्हां अशीं राबलेलीं कार्डें ढिगांनीं विकायला निघालीं. परंतु ज्याचे पंखे दोन वर्षें एक रात्रहि झोंपले नाहींत, तें कार्ड मला झोंप देईल असें वाटेना.

मग मी स्वतःच वाचूं लागलों. या विषयालाहि इतिहास आहे, हें पाहून मला गंमत वाटली. १९९६ सालीं व्हूडू नांवाचें जें प्रसिद्ध कार्ड निघालें त्याला पंखाच नव्हता. चित्रें जसजशीं सजीव होत गेलीं तसतशी त्यांच्या पायीं लागणारी वीज वाढली आणि पंखे आले. २००३ सालीं एनव्हिडिया कंपनीचें एफ-एक्स ५८०० अल्ट्रा हें कार्ड गोंगाटासाठीं इतकें गाजलें कीं, कंपनीनेंच स्वतःची थट्टा करणारी एक लहानशी फिल्म काढली. स्वतःचा आवाज ऐकूं येऊन त्यावर हंसतां येणें ही मोठी गोष्ट आहे. तेवढ्यापुरता त्या कंपनीविषयीं माझा आदर वाढला. उलट टोंकालाहि कांहीं कार्डें आहेत. पॅलिट कंपनीचीं काल्मएक्स हीं कार्डें मुळींच पंखा वापरीत नाहींत. परंतु त्यांचा आहार ७५ वॅटच्या आंतबाहेरचा. माझ्या कोंकणांतले ढग ओढण्याचें बळ त्यांच्या अंगीं नाहीं. २०२१ सालीं असूस कंपनीनें नॉक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीचे तपकिरी पंखे बसवून एक कार्ड काढलें. तें शांत खरें, पण चार कार्डांची जागा घेऊनहि दशांगुळें उरणारें. तें आमच्या कॅबिनेटांत मावतें ना.

या वाचनांतून एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली. शांत कार्ड हवें असेल तर प्रथम पंखा पाहावयाचा नाहीं, वॅट पाहावयाचे. उष्णताच कमी तर वारा कमी, आणि वारा कमी तर आवाज कमी. त्यानंतर पाहावयाचें तें पंख्यामागचें धातूचें जाळें आणि त्यांतून गेलेल्या तांब्याच्या नळ्या. या नळ्यांत थोडासा द्रव असतो. तापलेल्या टोंकाला त्याची वाफ होते, थंड टोंकाला ती निवून पुन्हा द्रव होतो. वरणाच्या पातेल्यावरचें झांकण उचललें कीं खालच्या बाजूस जे थेंब दिसतात, तसाच हा प्रकार. जाळें जितकें मोठें तितका पंख्याला आराम. आणि पंखा पाहावयाचा तो सर्वांत शेवटीं: मोठा आणि सावकाश फिरणारा. माझी आजी वाळ्याचा रुंद पंखा मांडीवर घेऊन इतक्या संथपणें हलवी कीं, वारा लागे पण हात हललेला कळत नसे. आम्ही मुलें वहीच्या पुठ्ठ्यानें फडफड फडफड करून तेवढाच वारा घेत असूं. आवाज मोजण्याचें डेसिबल हें माप थोडें चमत्कारिक आहे. एकाच्या जागीं तसेच दोन पंखे लावले तर आवाज ३ डेसिबलनेंच वाढतो. परंतु एका पंख्याची गति निम्म्यावर आणली तर सुमारें १५ डेसिबल उतरतात, आणि १० डेसिबल उतरले म्हणजे कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. धांवणाऱ्या एका पंख्यापेक्षां चालणारे तीन पंखे बरे, हा याचा अर्थ.

एवढें ज्ञान आणि कॅबिनेटाची आंतली लांबी मोजलेली सुतळी खिशांत घालून मी एका शनिवारीं लॅमिंग्टन रोडवर गेलों. ज्या रस्त्यावर आपला शब्द आपल्याला ऐकूं येत नाहीं, त्या रस्त्यावर मी दुकानोदुकानीं शांततेची चौकशी करीत होतों! एका दुकानदारानें माझें म्हणणें सहानुभूतीनें ऐकून घेतलें आणि म्हटलें, "साहेब, खेळायलाच घेतां ना? मग आवाज कोण बघतो? चांगले हेडफोन देतों, ते घेऊन जा." त्या भल्या मनुष्याला काय ठाऊक कीं, त्यानें माझ्या अपराधाचेंच वर्णन केलें होतें!

शेवटीं ठरलें तें आर-टी-एक्स ४०६०. हें २०२३ सालीं निघालें. याचा पुरा आहार ११५ वॅट. कमी खाऊन हें जुन्यापेक्षां अधिक काम करतें, कारण याच्या चकतीवरचीं विजेचीं सूक्ष्म कळें जुन्यापेक्षां पुष्कळ बारीक झालीं आहेत. याच चकतीचीं दोन रूपें दुकानदारानें मांडलीं: एक आंखूड, दोन पंख्यांचें, दुसरें फूटभर लांब, तीन मोठ्या पंख्यांचें. पुतण्याच्या मतें इतक्या गरीब कार्डावर तीन पंखे म्हणजे बैलगाडीला आगगाडीचीं चाकें. मला तेंच हवें होतें. शिवाय उष्णता ५० अंशांच्या आसपास किंवा खालीं असेल तेव्हां याचे पंखे अजीबात थांबतात. म्हणजे हिशेब लिहितांना आणि पत्रें वाचतांना हें निव्वळ मुकें. सुतळी धरून पाहिली. एका बोटाची जागा उरत होती. तीस हजार रुपयांच्या घरांत हा व्यवहार आटोपला.

त्या रात्रीं कार्ड बसविलें, खेळ सुरू केला आणि हेडफोन न चढवितां मी कान देऊन बसलों. पंख्याचा आवाज नव्हता. परंतु त्याच्या जागीं एक बारीक, तारेसारखी शीळ ऐकूं येत होती. पुतण्यानें सांगितलें कीं, हें कार्डावरच्या तारेच्या वेटोळ्यांचें काम. त्यांतून वीज वेगानें चढउतार करीत गेली कीं तीं थरथरतात. खेळाच्या पहिल्याच पानावर, जेथें नुसतीं चार अक्षरें दिसतात, तेथें हें कार्ड सेकंदाला शेंकडों चित्रें काढीत होतें. आमचा पडदा सेकंदाला ६० चित्रांपेक्षां अधिक दाखवूंच शकत नाहीं! बाकीचीं सारीं चित्रें कोणी न पाहतां फुकट जात होतीं, आणि त्यांच्यासाठीं वीज जळत होती, वेटोळीं किंचाळत होतीं.

मीं चित्रांवर मर्यादा घातली: सेकंदाला ३०.

"काका, तीस म्हणजे कार्डाचा अपमान आहे," पुतण्या कळवळून म्हणाला.

"सिनेमाला २४ पुरतात," मीं म्हटलें, "आणि मला कोणाचा पाठलाग करावयाचा नाहीं. खाडीवरून सावकाश जावयाचें आहे."

शीळ थांबली. विजेचा आंकडा ऐंशीच्या खालीं आला. तीन पंखे हजार फेऱ्यांच्या आसपास, आजीच्या हातासारखे, हलत राहिले. त्या शांततेंत एक अप्रिय विचार माझ्या मनांत आला. ही मर्यादा जुन्या कार्डावरहि घालतां आली असती! ढग थोडे कमी दाट, चित्रें थोडीं कमी, एवढें मीं तेव्हांच केलें असतें तर निम्मा-अधिक गोंगाट एक पैसाहि न खर्चतां गेला असता. पण तसें करण्यासाठीं आधीं गोंगाट आहे हें कळावयास हवें होतें; आणि तें कळण्यासाठीं कानांवरच्या गाद्या काढावयास हव्या होत्या. मी बाजारांत जी वस्तु शोधीत हिंडलों, तिचा मोठा हिस्सा माझ्या मागणींत दडलेला होता. शांतता आणावी लागत नाहीं. आपण थोडें कमी मागितलें म्हणजे ती आपोआप उरते.

पत्नीला मीं कांहीं सांगितलें नाहीं. दोन-तीन दिवसांनीं माझें मीच तंबोऱ्याची गवसणी झाडून ठेवली. आणखी आठवड्यानें तिनें तारा बदलून आणल्या. ज्या रात्रीं ती बसली त्या रात्रीं तारा जुळायलाच अर्धा तास गेला. मग तिनें षड्ज लावला. तो हलला. तिनें पुन्हा लावला, पुन्हा हलला. पूर्वीं समईच्या ज्योतीसारखा स्थिर लागणारा तो स्वर वाऱ्यावरच्या दिव्यासारखा थरथरत होता. वर्ष-दीड वर्षाचा रियाज गेला होता. कार्ड बदलतें, पंखा बदलतो. पण जें गेलें तें लॅमिंग्टन रोडवरच्या कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं. मी दुसऱ्या खोलींत बसून तें थरथरणें ऐकत होतों, आणि ऐकणें एवढेंच प्रायश्चित्त माझ्या हातीं होतें.

ती बसत राहिली. दसऱ्याच्या सुमारास षड्ज हळूहळू ठरूं लागला. दोन खोल्यांमधलें दार आतां उघडें असतें. मी विमानाच्या इंजिनाचा आवाज अगदीं बंद करून ठेवतों. त्यामुळें माझें विमान जयगडच्या खाडीवर शिरतें तें मिरजेच्या तंबोऱ्याच्या सुरावर. खालीं पाणी चमकतें, काठावरचे माड सरकत जातात, आणि धैवत लागतो तो बरोबर धैवताच्याच जागीं.

परवां गाणें संपवून ती तारांवर हात ठेवून क्षणभर बसली आणि तेथूनच तिनें विचारलें, "आज गांवीं गेलां नाहींत वाटतें?"

माझें विमान त्या वेळीं आमच्या पडक्या घरावरून दुसरी घिरटी घालीत होतें.